आज उचलायचं काही नाही ना, ताई?

मे २०२०मधली गोष्ट. आमच्या मीटअपचा, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांच्या दर महिन्याच्या मेळाव्याचा, ऑनलाइन कार्यक्रम नुकताच संपला होता. 'थँक यू', 'बाय', 'मस्त झालं' असे सगळे आवाज एकमेकांवर आदळले आणि स्क्रीनवरचे चौकोन पटापट गळायला लागले. होस्ट मी, त्यामुळे सगळ्यांच्या शेवटी बाहेर पडायचं ते माझ्याकडे. एक चौकोन मात्र हलेना. कॅमेरा बंद, काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत नुसतं नाव. लॅपटॉप तसाच ठेवून उठून गेला असेल, असं वाटून मी मीटिंग बंद करणार, तेवढ्यात त्याचा माइक सुरू झाला. "ताई, आज उचलायचं काही नाही ना?" मला हसू आलं. म्हटलं, "नाही रे, आज सुट्टी." "बरं. मग येतो," म्हणाला आणि गेला. त्यानं गमतीत विचारलं होतं, मीही गमतीतच घेतलं. पण पुढे कितीतरी दिवस, एखादं काम करता करता मध्येच, ते वाक्य टोचायचं.

हा आमचा खुर्च्या उचलणारा मुलगा. त्याला तसं कोणी नेमलं नव्हतं. आमच्यासारख्या फुकटच्या मीटअपला हॉल कायम उसना असतो. कुठल्यातरी कंपनीची ट्रेनिंग रूम, कुठलातरी वर्ग. देणाऱ्याची अट एकच, जसा दिला तसा परत करा. त्यामुळे कार्यक्रम संपला की खुर्च्या एकात एक रचून भिंतीला लावायच्या. प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकात एक गेल्या की अडकून बसतात, नुसत्या ओढून निघत नाहीत. वरच्या खुर्चीचे हात धरून ती आधी डावी-उजवीकडे हलवायची, आत थोडी हवा शिरू द्यायची, मग उचलायची. हे त्याला बरोबर जमायचं. सगळे लोक दाराशी स्पीकरला घेरून उभे असायचे आणि हा खोलीच्या मागच्या टोकाकडून सुरुवात करायचा. खोलीभर त्या खुर्च्यांचा खरखर आवाज आणि त्यातच त्याचं बोलणं सुरू व्हायचं. कारण कार्यक्रमात हा पठ्ठ्या अवाक्षर काढत नसे. प्रश्नोत्तरांच्या वेळी मान खाली. पण हातात चार खुर्च्या आल्या की जीभ सैल. "ताई, तो मघाशी कॅशबद्दल म्हणाला ना, एकदा काढलेलं उत्तर जवळ साठवून ठेवायचं, ते एका सर्व्हरला ठीक आहे. दोन झाले की दोघांकडे वेगवेगळी उत्तरं असणार." आणि मग का, कसं, त्याच्या ऑफिसात एकदा रात्री काय झालं होतं, ते सगळं. त्या दिवशीच्या टॉकपेक्षा ते दहा पटींनी चांगलं असायचं, आणि ऐकायला मी आणि हॉलची किल्ली घेऊन ताटकळलेला वॉचमन, असे दोघेच.

मीटअप म्हणजे टॉक, असं बाहेरून बघणाऱ्याला वाटतं. चालवणाऱ्यालाही पहिली काही वर्षं तसंच वाटत असतं. स्पीकर शोधा, विषय ठरवा, नोटीस लावा. येतो म्हणणाऱ्यांपैकी अर्धे येतात, हा हिशोब धरून खुर्च्या मांडा. लॅपटॉपला एक पोर्ट, प्रोजेक्टरला दुसरं, आणि या दोघांना जोडणारं डोंगल ज्याच्याकडे आहे तो अजून ट्रॅफिकमध्ये. हे सगळं निस्तरलं की स्पीकर बोलतो, लोक ऐकतात, टाळ्या. पण ज्यासाठी लोक पुन्हा येतात ते यानंतर घडतं. या प्रकाराचा मूळपुरुष म्हणावा असा क्लब म्हणजे होमब्रू कॉम्प्युटर क्लब. ५ मार्च १९७५ला कॅलिफोर्नियातल्या मेनलो पार्कमध्ये गॉर्डन फ्रेंचच्या गॅरेजमध्ये त्याची पहिली बैठक झाली. अल्टेअर ८८०० नावाचा, सुटे भाग आणून घरी जोडायचा कॉम्प्युटर बघायला जमलेली मंडळी, त्यात पुढे ॲपल काढणाऱ्यांपैकी एक स्टीव्ह वॉझनियॅकही. पुढे ली फेल्सेनस्टाइन या बैठका चालवायला लागला आणि त्यानं त्यांचे सरळ दोन भाग पाडले. पहिला 'मॅपिंग': ज्याला जे हवंय किंवा ज्याच्याकडे जे आहे ते त्यानं उभं राहून थोडक्यात सांगायचं. दुसरा 'रँडम ॲक्सेस': आता उठा आणि ज्याच्याशी बोलायचंय त्याला गाठा. मला या माणसाचं फार कौतुक वाटतं. बाकी सगळे ज्याला कार्यक्रम संपल्यानंतरची गडबड समजतात, तिला त्यानं वेळापत्रकात जागा दिली, नाव दिलं.

तर मार्च २०२०. त्याआधी १२ फेब्रुवारीला बार्सिलोनाची मोबाइल वर्ल्ड काँग्रेस, म्हणजे मोबाइलवाल्यांचं मोठं प्रदर्शन, रद्द झाल्याची बातमी आली होती. ती वाचून आमच्यात कोणीतरी म्हणालं, त्यांचं ठीक आहे, तिथे जगभरातून लाखभर माणसं येतात, आपली एक खोली आहे. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेनं कोविड ही महासाथ असल्याचं जाहीर केलं आणि आम्ही त्या महिन्याचा कार्यक्रम 'दोन आठवडे पुढे' ढकलला. तो मेसेज अजून ग्रुपवर आहे. त्यातला आत्मविश्वास बघण्यासारखा आहे.

ज्या संकेतस्थळावर आम्ही नोटिसा लावायचो त्याचीही एक गंमत आहे. मीटअप ही कंपनी २००२मध्ये निघाली. सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कमधले एरवी न बोलणारे शेजारी एकमेकांची विचारपूस करायला लागले, त्यावरून स्कॉट हायफरमनला ही कल्पना सुचली. इंटरनेटचा उपयोग लोकांना इंटरनेटवरून उठवून एका खोलीत आणण्यासाठी करायचा. २०१७मध्ये ती वीवर्कनं घेतली. म्हणजे एकत्र बसायच्या जागा भाड्यानं देणाऱ्यानं एकत्र जमवण्याचा धंदा विकत घेतला. मार्च २०२०च्या अखेरीला वीवर्कनं ती विकूनही टाकली. त्याच सुमारास आमच्या कार्यक्रमाच्या पानावर पत्त्याच्या जागी 'ऑनलाइन' असं मी पहिल्यांदा लिहिलं. रकाना पत्त्याचा, आणि मजकूर असा. बराच वेळ सेव्ह करवेना.

पहिल्या ऑनलाइन कार्यक्रमाला विषय शोधावा लागला नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा, कोविड रुग्णांचे आकडे दाखवणारा तो काळ्या पार्श्वभूमीवर लाल ठिपक्यांचा नकाशा २२ जानेवारीपासून सुरू होता आणि त्यामागचा डेटा गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर सगळ्यांना खुला होता. आमच्यातला जो तो त्या सीएसव्ही, म्हणजे ओळी-रकान्यांच्या साध्या, फाइली उतरवून आलेख काढत बसला होता. त्या फाइलींत प्रत्येक नव्या तारखेला नवी ओळ न येता नवा रकाना यायचा, फाइल रोज उजवीकडे वाढायची. यावर आमच्या ग्रुपमध्ये जितकी चिडचिड झाली तितकी घरकोंडीवरही झाली नसेल. आता वाटतं, ती चिडचिड बरी होती. आकडे माणसांचे आहेत हे विसरायला तेवढा रकान्यांचा प्रश्न पुरत होता. एकीनं लॉग स्केलवर, म्हणजे दर पायरीला आकडा दहापट होतो अशा मापावर, सगळ्या देशांच्या रेषा काढून दाखवल्या, रोजच्या चढउतारांऐवजी सात दिवसांची सरासरी का बघायची ते समजावलं. फार नेटकं बोलली. तिच्या मागच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं, फेब्रुवारीचंच पान उघडं. बोलता बोलता मध्येच झूमवरच्या फुकट मीटिंगची ४० मिनिटं संपली आणि ती 'म्हणजेच आपण' या शब्दांवर नाहीशी झाली. नवी लिंक ग्रुपवर पडेपर्यंत एकतृतीयांश लोक गळाले होते.

मग आम्ही शिकत गेलो. न बोलावता शिरून धुडगूस घालणारे त्या दिवसांत जगभर फिरत होते. एप्रिलमध्ये झूमनं पासवर्ड आणि वेटिंग रूम आपणहून चालू केली, त्यामुळे आमच्यापैकी एकाला कायम दारावर बसावं लागायचं. प्रत्येक नाव बघा, आत घ्या. आदल्या डिसेंबरात दिवसाला १ कोटी असलेली झूमवरची हजेरी एप्रिलपर्यंत ३० कोटींवर गेली होती. यात एकच माणूस दिवसात पाच मीटिंगांना बसला तर पाचदा मोजला जातो. आमच्याकडे येणारे बहुतेक असे पाचदा मोजून झालेलेच असायचे. दिवसभर ज्या खुर्चीत, ज्या स्क्रीनसमोर ऑफिस केलं, तिथेच संध्याकाळी आमचा कार्यक्रम. डोळे ओढलेले, आणि स्वतःचाच चेहरा कोपऱ्यातल्या चौकोनात सारखा समोर.

सगळ्यात जास्त नुकसान झालं ते गप्पांचं. एक संपला की दुसऱ्यानं बोलायला लागायचं, यातलं अंतर माणसं फार कमी ठेवतात. २००९मध्ये भाषेच्या अभ्यासक तानिया स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या दहा भाषा तपासल्या. सरासरी अंतर निघालं २०० मिलिसेकंदांच्या आसपास. म्हणजे समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपलं उत्तर तोंडात तयार असतं. आता नेटवर्कमधून आवाज जाऊन यायलाच तेवढा किंवा त्याहून जास्त वेळ लागत असेल तर काय होणार? दोघं एकदम बोलणार, दोघं एकदम थांबणार. "तुम्ही बोला." "नाही नाही, तुम्ही." मग शांतता, आणि पुन्हा दोघं एकदम. लेटन्सीवर, म्हणजे नेटवर्कमधल्या या उशिरावर, तासभर बोलू शकणारी माणसं ही, आणि तिनंच त्यांना गप्प केलं. हळूहळू ज्यांना मुळातच बोलायची सवय होती तेवढेच बोलायला लागले, बाकीचे म्यूट झाले. विनोद सांगून स्पीकर थांबायचा आणि समोर तीस बंद माइक. एक स्पीकर मला म्हणाला, विहिरीत ओरडावं आणि प्रतिध्वनीही येऊ नये तसं वाटतं.

पण याच विहिरीच्या तळाशी काही वेगळंही सापडलं, ते सांगितलं नाही तर लबाडी होईल. चॅटमध्ये एक नाव यायला लागलं. प्रश्न असे की स्पीकरनं पाण्याचा घोट घेऊन मगच उत्तराला लागावं. 'हे मायग्रेशन मध्येच पडलं तर अर्धवट टेबलाचं काय करता?' म्हणजे डेटाबेसची रचना बदलता बदलता गाडी अडली तर. प्रश्न मी वाचून दाखवायचे. ही कोण, म्हणून मी आमची सभासदांची यादी चाळली तर बाई वर्षानुवर्षं आमच्यात होत्या. एकदाही हॉलवर आलेल्या नव्हत्या. मी त्यांना वेगळा मेसेज केला. त्यांनी सरळ लिहिलं, 'संध्याकाळी सात ते नऊ माझी दोन्ही मुलं जागी असतात. आत्ताही एक मांडीवर आहे, म्हणून टाइप करते, बोलत नाही.' आणखी एकजण होते, त्यांना ऐकायला कमी यायचं. हॉलवर ते पहिल्या रांगेत बसून ओठ वाचायचे, स्पीकर फळ्याकडे वळला की त्यांचं वाक्य तुटायचं. स्क्रीनवर आपोआप उमटणाऱ्या कॅप्शन त्यांना मिळाल्या. कुबरनेटिस हे एका सॉफ्टवेअरचं नाव, ते म्हटलं की त्या कॅप्शन वाट्टेल ते लिहायच्या, त्यावर तेच सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. आमचा हॉल सर्वांसाठी खुला आहे, हे आम्ही प्रत्येक नोटिशीत लिहीत होतो. वेळ सातची आणि जागा दुसऱ्या मजल्यावरची, हेही त्याच नोटिशीत असायचं.

मग खुर्च्यावाल्या मुलाचं ते वाक्य का टोचत होतं?

त्यानं दोन-तीन कार्यक्रमांनंतर येणं बंद केलं होतं. आणि तो एकटा नव्हता. जरा मागे जाऊन बघितलं तर गळालेल्यांत एक धागा होता. नावाचे स्टिकर लिहिणारी, एक्स्टेन्शन बोर्ड आणणारा, लिफ्टपाशी उभं राहून 'इकडे, इकडे' करणारा, स्पीकरच्या शर्टाला माइक लावून देणारा. कामाची माणसं. टॉक चुकला तरी यांचं बिघडत नव्हतं. टॉक हल्ली रेकॉर्ड झालेले शेकड्यांनी मिळतात, त्यासाठी संध्याकाळी घराबाहेर कोण पडतंय? एखादा नवा पोरगा दारात अवघडून उभा दिसला की मी त्याच्या हातात स्टिकरांची पट्टी आणि मार्कर द्यायचे. हाताला काम आलं की उभं कसं राहावं हा प्रश्न सुटतो. येणाऱ्या प्रत्येकाला नाव विचारायचा अधिकार मिळतो. तासाभरात तो पोरगा 'आमच्या मीटअपला' असं बोलायला लागायचा. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटरनं १९७३मध्ये दाखवून दिलं होतं की नोकरीची खबर जिवलग मित्रांपेक्षा क्वचित भेटणाऱ्यांकडून जास्त येते. जिवलगांना जे माहीत असतं ते आपल्यालाही असतंच. आमच्याकडे कितीतरी नोकऱ्या अशा तोंडओळखीतून लागल्या, आणि त्या तोंडओळखी खुर्च्या ओढताना झालेल्या होत्या. ऑनलाइनवर आम्ही टॉक जसाच्या तसा नेला, आणि कामं तेवढी वगळली गेली. सगळे प्रेक्षक झाले. प्रेक्षकाला उठून जायला कारण लागत नाही.

मग कामं तयार केली. एकानं घड्याळ लावायचं, एकानं चॅटमधल्या लिंका गोळा करायच्या, एकानं टिपणं काढायची, रेकॉर्डिंगच्या दोन्ही टोकांचं 'ऐकू येतंय का' कापायचं. मांडीवर मूल घेऊन बसणाऱ्या त्या बाईंनी प्रश्न निवडायचं काम अंगावर घेतलं आणि इतकं चोख केलं की पुढचे स्पीकर टॉकआधी त्यांनाच स्लाइड पाठवायला लागले. काही कामं उगाच वाटायची, उगाचच होती. खुर्च्यावाल्यालाही मी विचारलं, रेकॉर्डिंग कापशील का? बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. 'ताई, स्क्रीनवरचं नको. दिवसभर तेच करतो. सध्या बिल्डिंगमध्ये ज्यांची दारं बंद आहेत त्यांचं सामान वर पोचवतोय. लिफ्ट बंद आहे.' त्याला उचलायला मिळालं होतं. मला बरं वाटलं, आणि आतून जरा असूयाही वाटली त्या बिल्डिंगबद्दल.

कोविडच्या नंतरच्या लाटेत ग्रुपवर काही महिने कोडबद्दल कोणी काही लिहीत नव्हतं. औषधं, खाटा, कुठला नंबर लागतो, कुठला लागत नाही. आमच्यातले काहीजण रात्र रात्र बसून यादीतला एकेक नंबर फिरवून तपासायचे आणि पुढे वेळ लिहायचे. टॉक नाहीत, तरी ग्रुप कधी नव्हे इतका जिवंत. दोन नावं त्या काळात गेली. सभासदांच्या यादीत ती अजून आहेत. नवीन कार्यक्रम लावला की सूचना त्यांनाही जाते.

५ मे २०२३ला जागतिक आरोग्य संघटनेनं आणीबाणी संपल्याचं सांगितलं, पण आम्ही त्याआधीच चाचपडत परतलो होतो. मास्क, उघड्या खिडक्या, एकाआड एक खुर्ची. मग सगळ्यांना हायब्रिड हवं झालं, हॉलही आणि ऑनलाइनही. माझं मत विचाराल तर हायब्रिड म्हणजे दोन्हीकडच्यांची फसवणूक. टेबलावर एक लॅपटॉप, त्यातल्या माणसांना खोलीचा नुसता घुमणारा आवाज. खोलीत हशा पिकला की चॅटमध्ये 'काय झालं?' आणि उत्तर द्यायला कोणी नाही. स्पीकर अर्धा वेळ कॅमेऱ्याकडे, अर्धा वेळ माणसांकडे, आणि कुठेच नाही. शेवटी भांडून मी एक महिना हॉल, एक महिना निव्वळ ऑनलाइन असं ठरवून घेतलं. ऑनलाइनच्या महिन्यात स्क्रीनवरच्यांचाच मान, हॉलच्या महिन्यात कॅमेरा बंद. काहीजण नाराज आहेत. असू देत.

जुना हॉल मात्र गेला. त्या कंपनीची माणसं घरून काम करायला लागली आणि तो मजलाच त्यांनी सोडला. सध्या आम्हाला एका संस्थेचं छोटं प्रेक्षागृह मिळतं, फुकट. प्रोजेक्टर लख्ख, माइक छताला, एसी गारेगार. खुर्च्या उतरत्या रांगांत, जमिनीत बोल्ट मारून पक्क्या केलेल्या, गादीच्या, उठलं की आपोआप मिटणाऱ्या. टॉक संपतो, दोनशे मांड्या उचलल्या जातात, फटाफट खुर्च्या मिटतात आणि लोक दोन्ही दारांनी बाहेर. होमब्रूही पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कणप्रवेगक केंद्राच्या, म्हणजे भौतिकशास्त्राच्या संशोधनसंस्थेच्या, प्रेक्षागृहात भरायचा, आणि तिथली खरी देवाणघेवाण मग पार्किंगमध्ये सरकली होती, असं वाचलंय. आमच्या पार्किंगमध्ये गार्ड साडेनऊला दिवे घालवतो. खुर्च्या उचलणारा मुलगा आता दुसऱ्या गावी असतो. ऑनलाइनच्या महिन्यात कधीमधी काळा चौकोन म्हणून येतो, आणि हल्ली मधूनच चॅटमध्ये एखादी ओळ लिहितो. कॅशबद्दल असेल तर स्पीकरनं ती वाचलेली बरी.

आयोजकांच्या गेल्या बैठकीत मी मांडलं की हे प्रेक्षागृह सोडू या. मला एका शाळेचा वर्ग मिळतोय, तळमजल्यावर, रविवारी सकाळी. बाक हलवावे लागतील, प्रोजेक्टर पिवळट आहे, पंख्याचा आवाज येतो. दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं की मला काहीतरी झालंय. "बाक ओढायला मिळावेत म्हणून एसी सोडायचा?" "हो." "आणि लोक आले नाहीत तर?" अर्धे येतीलच, म्हटलं. रविवार सकाळ मुलं असलेल्यांना जमते का, हे त्या चॅटवाल्या बाईंना विचारून झालंय, त्या म्हणाल्या दुपारी केलंत तर येते. मग वेळ दुपारची. प्रश्न उरलाय तो एक्स्टेन्शन बोर्डाचा. त्या वर्गात एकच पॉइंट आहे, तोही फळ्यापासून लांब, आणि बोर्ड कोणी आणायचा यावर ग्रुपवर कालपासून वाद चाललाय.